शेत खंडाने एकाला, शिकार दुसऱ्याला: भांडण मिटवायचे कुणी?

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे वाचणाऱ्या इतरांनाही संदर्भ लागेल. तुम्ही दोघे शिकागोजवळ राहता. पश्चिम इलिनॉयमधल्या पाइक काउंटीत तुम्ही 160 एकर जमीन घेतलीत. त्यातली साधारण 108 एकर वहितीखाली, 45 एकर जंगल, बाकी ओढा आणि वाटा. वहितीची जमीन तिथलाच एक शेतकरी एकरी 225 डॉलर रोख खंडाने कसतो, तोही आधीच्या मालकाच्या काळापासून. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सुचवले म्हणून तुम्ही चार शिकाऱ्यांना हरणांच्या शिकारीसाठी वर्षाला 4,000 डॉलर घेऊन जागा दिलीत. गेल्या नोव्हेंबरात ठिणगी पडली. शेतकरी म्हणतो, ह्यांनी फाटकाला स्वतःचे कुलूप घातले, ओल्या शेतातून गाडी नेली, आणि एवढे करून हरणे काही मारत नाहीत. शिकारी म्हणतात, ऐन हंगामाच्या तोंडावर ह्याने मुद्दाम शेत नांगरून टाकले, आमचे पैसे परत द्या. बरोबर कोण, आणि दोघांनाही ठेवता येईल का, असे तुम्ही विचारता.

ठेवता येईल. पण आधी एक स्पष्ट सांगतो, राग मानू नका. हे भांडण शेतकरी आणि शिकारी ह्यांचे दिसत असले तरी ते लावले आहे जमीनमालकाने. एकाच खोलीची चावी दोन भाडेकरूंना दिली आणि एकमेकांबद्दल दोघांनाही सांगितले नाही, तर ते एकमेकांवरच खेकसणार. मी ह्या भागात इतरांच्या शेतजमिनी सांभाळण्याचे काम करतो आणि अशी प्रकरणे दर हिवाळ्यात माझ्याकडे येतात. त्यात खरा दुष्ट माणूस क्वचितच सापडतो. सापडतो तो अर्धवट करार, किंवा करारच नाही.

आधी कायद्याची बाजू. शेतजमीन खंडाने दिली म्हणजे तुम्ही ताबा दिला. करारात मालकाने शिकारीचा हक्क स्वतःकडे राखून ठेवलेला नसेल, तर त्या जमिनीवर कोण येणार हे ठरवण्याचा अधिकार सर्वसाधारणपणे ताब्याबरोबर कुळाकडे जातो. तुमचा शेतकऱ्याशी लेखी करार नाही, सगळे तोंडी चालले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मग 108 एकरांवर शिकाऱ्यांना सोडायचा अधिकार तुमच्याकडे होता का, हाच मुळात वादाचा मुद्दा आहे. 45 एकर जंगल खंडात धरलेले नसेल तर ते तुमच्याकडे आहे, पण तिथे पोचायची वाट शेतातूनच जाते ना? म्हणजे जंगल शिकारीला दिले तरी तिथली वाट द्यायची तुम्हाला मोकळीक नव्हती. एकदा स्थानिक वकिलाला कागद दाखवा. माझा अंदाज असा की तो तुम्हाला शेतकऱ्याशी गोडीने मिटवायला सांगेल.

तोंडी का ठेवले, ह्याचे कारण तुम्ही लिहिले नाही, पण मी ओळखतो. आपल्याकडे कुळाचे नाव कागदावर येऊ द्यायचे नाही, ही धास्ती घराघरात मुरली आहे. 1 एप्रिल 1957 च्या कृषक दिनाने ज्यांच्या जमिनी कुळांच्या झाल्या, त्यांच्या नातवंडांनाही सातबाऱ्यावर दुसऱ्याचे नाव दिसले की घाम फुटतो. इलिनॉयमध्ये मात्र उलटे आहे. इथे कसणाऱ्याला जमिनीची मालकी मिळत नाही, पण तोंडी खंड हा वर्षामागून वर्ष आपोआप चालू राहणारा मानला जातो, आणि तो संपवायचा तर खंडाचे वर्ष संपण्याच्या किमान चार महिने आधी लेखी नोटीस द्यावी लागते. वर्ष बहुतेक ठिकाणी फेब्रुवारीअखेर संपते, म्हणजे नोटीस 31 ऑक्टोबरपर्यंत. शेजारच्या आयोवात ही तारीख 1 सप्टेंबर आहे. तुमची तारीख हुकली की पुढचे अख्खे वर्ष जुन्याच अटींवर. कागद न करून तुम्ही स्वतःलाच बांधून घेतले आहे.

आता शेतकऱ्याच्या जागी उभे राहून बघू.

पांढऱ्या शेपटीचे हे हरीण सोयाबीन उगवून वर आले की कोवळी पाने खाते. नंतर मक्याच्या कणसाला केस सुटले की ते खाते. जंगलाला लागून असलेल्या तासांना सगळ्यात जास्त फटका बसतो. ओळखायची खूण सोपी आहे. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते देठ ओढून तोडते आणि तुटलेले टोक फाटके, चिंध्या झाल्यासारखे दिसते. सशाने खाल्लेले तिरपे आणि कात्रीने कापल्यासारखे स्वच्छ असते. जूनमध्ये एकदा जंगलाच्या कडेने चालत गेलात तर तुम्हालाही ओळखता येईल.

आकडे बघा. समजा कडेच्या अडीच एकरांत एकरी 80 बुशेल (धान्याचे इथले माप) मका कमी आला. म्हणजे 200 बुशेल, आणि 4 डॉलर भावाने 800 डॉलर. विमा आहे ना, असे तुम्ही म्हणाल. वन्यप्राण्यांनी केलेले नुकसान इथल्या पीकविम्यात बसते खरे, पण विमा कडेच्या पट्ट्याचा नसतो, सगळ्या शेताचा किंवा त्याहून मोठ्या एककाचा असतो. 108 एकरांवर सरासरी 190 बुशेल धरले तर 20,520 बुशेल होतात. 80 टक्क्यांचे संरक्षण घेतले असेल तर 4,104 बुशेल बुडाल्यावर भरपाई सुरू होते. 200 बुशेलचे कुणी विचारतही नाही. इलिनॉय सरकारही हरणांच्या नुकसानीची भरपाई देत नाही. नुकसान फार असेल तर हंगामाबाहेर काही हरणे मारायचा परवाना मिळू शकतो, एवढेच. वर हरीण तुमचे नाही आणि शेतकऱ्याचेही नाही. कायद्याने वन्यप्राणी राज्याचे. तुम्ही शिकाऱ्यांना विकता ती फक्त आत यायची परवानगी.

म्हणजे हरणे पोसतो शेतकरी आणि त्यावर 4,000 डॉलर मिळतात तुम्हाला. त्याच्या तोंडून हे वाक्य तुम्ही कधी ऐकणार नाही, कारण जमीन सुटेल ह्या भीतीने इथली माणसे मालकापुढे बोलत नाहीत. ह्या राज्यातली अर्ध्याहून जास्त शेतजमीन खंडाने कसली जाते आणि चांगल्या तुकड्यावर टपलेले शेजारी नेहमीच असतात. म्हणून तो फाटकाच्या कुलपावरून भांडतो. कुलूप हे निमित्त.

आणखी एक गोष्ट त्याला शांतपणे विचारा: तुम्ही यायच्या आधी तिथे शिकार कोण करायचे? इलिनॉयमध्ये 40 एकर किंवा जास्त शेतजमीन कसणाऱ्या स्थानिक कुळाला त्याच जमिनीपुरता हरणाचा परवाना फुकट मिळतो. नुसती शिकारीसाठी जागा भाड्याने घेणाऱ्याला ही सवलत नाही. बहुधा त्याची मुले, भाऊ, पुतणे त्याच जंगलात मचाण बांधून बसत होते. आधीच्या मालकाने त्याला हरकत घेतली नव्हती, आणि तुम्ही त्याला न विचारता ती जागा परक्यांना दिलीत. माझ्याकडे आलेल्या निम्म्याहून अधिक भांडणांच्या तळाशी हेच असते, आणि तक्रारीच्या पत्रात ते कधीच लिहिलेले नसते.

आता शिकाऱ्यांची बाजू, कारण तेही पैसे मोजून आलेले आहेत. पाइक, ॲडम्स, ब्राउन ह्या काउंट्या मोठ्या शिंगांच्या नरांसाठी देशभर प्रसिद्ध आहेत. बाहेरच्या राज्यातला माणूस परवान्यालाच काहीशे डॉलर मोजतो आणि सुट्ट्या जमवून येतो. धनुष्यबाणाचा हंगाम 1 ऑक्टोबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत लांब असला, तरी बंदुकीचा पहिला हंगाम थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारच्या सणाच्या) आधीच्या शुक्रवार ते रविवार असा तीन दिवसांचा, आणि दुसरा डिसेंबरच्या सुरुवातीला चार दिवसांचा. नोव्हेंबरचा मध्य हा माजाचा काळ असतो. एरवी रात्रीच हिंडणारे नर तेव्हा दिवसाढवळ्या बाहेर पडतात. कापणीनंतर शेतात सांडलेला मका हेच हरणांचे तेव्हाचे अन्न. इलिनॉयमध्ये आमिष म्हणून धान्य टाकायला बंदी आहे, त्यामुळे सांडलेल्या दाण्यांचे मोल आणखी वाढते. त्याच आठवड्यात शेत नांगरून काळे केले की त्यांचे वर्ष गेले.

पण शेतकऱ्याने ते मुद्दाम केले असेलच असे नाही. कापणी आटोपली, जमीन वाफशावर आहे, पुढच्या आठवड्यात पाऊस सांगितला आहे, तर तो नांगरणारच. खत म्हणून अमोनिया द्यायचा तर जमिनीचे तापमान 50 अंश फॅरनहाइटच्या खाली जाईपर्यंत थांबावे लागते, आणि ते इथे साधारण नोव्हेंबरातच जाते. दोघांचीही सगळ्यात घाईची वेळ एकाच पंधरवड्यात येते. त्यात कुणाचाही दोष नाही, आणि म्हणूनच ते आधी ठरवून ठेवावे लागते.

ह्या सगळ्यात मला सर्वात महत्त्वाचा वाटणारा मुद्दा शेतकऱ्याने एका वाक्यात सांगितला आहे: शिकारी हरणे मारत नाहीत. तो खरे बोलतो. मोठ्या शिंगांसाठी पैसे देणारा शिकारी माद्यांवर गोळी झाडत नाही, कारण त्या गडबडीने नर बिचकतो, आणि माद्या असल्या की माजावरचे नर येतात. लहान नरांनाही तो वाढू देतो. पूर्वी गावातली माणसे मांसासाठी शिकार करायची, त्यात माद्या आपोआप मारल्या जायच्या. जागा भाड्याने गेली, गावकरी बाहेर पडले आणि कळप वाढत गेला. धडधाकट मादी बहुधा जुळ्यांना जन्म देते, त्यामुळे संख्या ठरते ती माद्यांवर. किती नर मारले ह्याने फारसा फरक पडत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ह्या राज्यात हरीण जवळजवळ नाहीसे झाले होते. मग बाहेरून आणून सोडली आणि 1957 साली पुन्हा बंदुकीचा हंगाम सुरू झाला. लांडगे आणि प्यूमा तर केव्हाच संपले होते. आता संख्या आवरणारे उरले आहेत ते शिकारी, रस्त्यावरच्या गाड्या आणि रोग. क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा हरणांचा जीवघेणा आजार इलिनॉयमध्ये 2002 साली सापडला, आणि दाटीने तो अधिक पसरतो.

म्हणून शिकाऱ्यांच्या करारात माझी पहिली अट असते: नराच्या आधी माद्या. तुमच्या जागेवर प्रत्येक शिकाऱ्याने नर टिपण्याआधी एक मादी घ्यायची आणि सगळ्यांनी मिळून हंगामात ठरलेला आकडा पुरा करायचा. आकडा किती, हे राज्याच्या निसर्गसंपदा विभागाच्या स्थानिक जीवशास्त्रज्ञाला विचारून ठरवा. परवाने अर्थातच त्यांचे त्यांनी काढायचे. मांस नको असेल तर अन्नदान योजनेतून ते गरजूंकडे जाऊ शकते. आकडा पुरा झाला नाही तर पुढच्या वर्षी करार नाही, हे स्वच्छ लिहा. खरे शिकारी ह्याला हरकत घेत नाहीत. जे घेतात त्यांना शेतकऱ्याच्या पिकाशी देणेघेणे नाही, एवढे तुम्हाला आधीच कळते.

नुकसान खरेच किती, ह्यावर वाद होतो तेव्हा एक साधा उपाय करा. कंबाइन हार्वेस्टरवर उत्पादनाचा नकाशा निघतो, तो शेतकऱ्याकडून मागून घ्या. जंगलाच्या कडेने कमी उत्पादनाचा लाल पट्टा दिसेल. पण सगळा लाल पट्टा हरणांचा नसतो. झाडांची सावली आणि मुळे ह्यांनीही कडेचे पीक मारले जाते. म्हणून पेरणीनंतर लगेच कडेच्या तासांवर दोन-तीन ठिकाणी तारेच्या जाळीचे चार-पाच फुटांचे गोल पिंजरे उभे करा. आतले पीक आणि बाहेरचे पीक ह्यांतला फरक तेवढा हरणांचा. पिंजऱ्याच्या आतले सोयाबीन कमरेला आणि हातभर अंतरावरचे घोट्याला, असे शिकाऱ्यांना एकदा प्रत्यक्ष दाखवा. मी हे जाणीवपूर्वक करतो, आणि त्यानंतर माद्यांच्या अटीवर फार बोलावे लागत नाही.

पैशांचे म्हणाल तर शिकारीच्या रकमेतला साधारण चौथा हिस्सा मी कुळाकडे वळवायला सांगतो, खंडातून वजा करून. तुमच्या बाबतीत 1,000 डॉलर. वरच्या हिशेबातले 800 डॉलरचे नुकसान त्यात भरून निघते. त्याहून चांगली वाट म्हणजे आधी त्यालाच विचारणे, की शिकारीचा हक्क तुला हवा का, किती देशील? तो 4,000 देणार नाही, कदाचित 1,500 देईल. पण फाटकावर लक्ष राहील, माद्या मारल्या जातील, आणि चांगला शेतकरी टिकेल. 24,300 डॉलरच्या खंडापुढे शिकारीचे पैसे सहाव्या हिश्श्याएवढे आहेत. त्यांच्यासाठी खंड धोक्यात घालू नका.

शिकाऱ्यांना उभे पीक किंवा धसकटे हवी असतील तर त्याची किंमत त्यांनी मोजायची, आणि ती शेतकऱ्याला द्यायची. जंगलालगतचा अर्धा एकर मका उभा ठेवायचा तर त्या शेताचे त्या वर्षीचे सरासरी उत्पादन गुणिले कापणीच्या दिवसाचा बाजारभाव. 190 बुशेल आणि 4 डॉलर धरले तर अर्ध्या एकराचे 380 डॉलर होतात. पीक उभे ठेवण्याआधी शेतकऱ्याने विमा एजंटला सांगायलाच हवे, नाहीतर न कापलेल्या क्षेत्राचा हिशेब पुढे अडतो. नांगरटीची तारीखही अशीच विकत घेता येते: पहिला बंदुकीचा हंगाम संपेपर्यंत जंगलाकडचे वीस एकर नांगरायचे नाहीत, त्याबद्दल ठरावीक रक्कम. पण पाऊस येणार असेल तर शेवटचा शब्द शेतकऱ्याचा. ही अट मी कधीच सोडत नाही.

हरणांसाठी स्वतंत्र चारापट्टा पेरायची शिकाऱ्यांना हौस असते. बियाणे कुठले, हे शेतकऱ्याने पाहिल्याशिवाय पेरू देऊ नका. 2016 साली आयोवात पामर ॲमरंथ हे भयंकर तण अनेक ठिकाणी पेरणीच्या मिश्र बियाण्यातून आले होते. एकदा शिरले की तणनाशकांना दाद न देणारे हे तण शेतकऱ्याला वर्षानुवर्षे पुरते. उलट बाजूने, शेजारच्या पिकावर फवारलेले तणनाशक वाऱ्याने चाऱ्यावर गेले आणि चारा जळला, तर त्याची जबाबदारी शेतकऱ्यावर नाही, हेही कागदावर हवे.

बारीकसारीक वाटणाऱ्या पण भांडण पेटवणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. मचाणाला चढायला झाडात स्क्रूच्या पायऱ्या ठोकतात. काळ्या अक्रोडाच्या खोडात लोखंड गेले की ते लाकूड विकताना किंमत कोसळते, म्हणून फक्त पट्ट्यांनी बांधायची मचाणे, आणि हंगाम संपल्यावर ती उतरवायची. हिवाळ्याच्या अखेरीस नरांची शिंगे गळतात. ती शेतात पडून राहिली की वसंतात ट्रॅक्टरच्या टायरात घुसतात, आणि त्या टायराची किंमत हजार डॉलरच्या पुढे जाते. शिंगे गोळा करायला शिकारी हौसेने येतात, तर मार्चमध्ये पेरणीआधी शेत पायी फिरून वेचून घ्यायचे काम त्यांनाच द्या. दोघांचाही फायदा. जमीन ओली असताना गाडी वाट सोडून शेतात न्यायची नाही. फाटकाला एकच साखळी आणि त्यात दोन कुलपे अडकवलेली, म्हणजे कुणाचेही उघडले तरी फाटक उघडते.

सुरक्षेचा भाग मात्र बारीकसारीक नाही. बंदुकीच्या हंगामात इलिनॉयमध्ये शिकाऱ्याला किमान 400 चौरस इंच भडक नारिंगी किंवा गुलाबी कपडे आणि त्याच रंगाची टोपी घालावी लागते. शेतकऱ्यालाही तसे जाकीट तुम्ही स्वतः घेऊन द्या. त्या दिवसांत तो कधी शेतात येणार हे त्याने कळवायचे, पण त्याला परवानगी मागायला लावू नका. मचाणे कुठे आहेत त्याचा नकाशा त्याच्याकडे असू द्या. फुकट प्रवेश देणाऱ्या मालकाला अपघाताच्या दाव्यांपासून राज्याचा कायदा बऱ्यापैकी संरक्षण देतो, पैसे घेतले की ते संरक्षण साधारणपणे सुटते. म्हणून शिकाऱ्यांनी दहा लाख डॉलरचा दायित्व विमा काढायचा, आणि त्यात तुमच्याबरोबर शेतकऱ्याचेही नाव घालायचे. त्याचे नाव बहुतेक मालक विसरतात.

तुम्ही शेवटी हळूच लिहिले आहे की घरी शिकार कुणालाच रुचत नाही. ते मी समजू शकतो, मीही मांस खात नाही. शिकार बंद करायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. पण मग वाढलेला कळप शेतकऱ्याच्या ताटातून खाणार, हे धरून कडेच्या एकरांचा खंड कमी करा, आणि त्याला हंगामाबाहेरचा परवाना मिळवायचा असेल तर आडवे येऊ नका. स्वतःचे मन राखायचे आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजायची, हे मला पटत नाही.

आता क्रम. तुम्ही उन्हाळ्यातच विचारलेत हे बरे झाले. आधी एकटे शेतकऱ्याकडे जा. शिकाऱ्यांना बरोबर नेऊ नका, आणि फोनवर बोलू नका. त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून विचारा, काय झाले आणि काय हवे. मग त्याच्याशी लेखी खंडकरार करा, त्यात शिकारीचा हक्क कुणाकडे हे एका स्वतंत्र कलमात घाला, आणि त्याची प्रत शिकाऱ्यांच्या कराराला जोडा. ह्या वर्षीचे पैसे शिकाऱ्यांकडून त्यानंतरच घ्या. गेल्या वर्षीची रक्कम पूर्ण परत करायची गरज मला दिसत नाही, कारण नांगरटीबद्दल तुम्ही त्यांना शब्द दिलेला नव्हता. पण अर्धी परत केलीत तर चार माणसे समाधानाने नव्या अटी ऐकतील. शेतकरी कशालाच तयार झाला नाही, तर ह्या हंगामात शिकार थांबवा आणि बदललेल्या अटींवर नवा करार करायचा म्हणून 31 ऑक्टोबरच्या आत वकिलामार्फत लेखी नोटीस द्या. पण माझा अनुभव सांगतो, मुलांच्या मचाणाला एक कोपरा राखून ठेवलात तर नोटिशीपर्यंत गोष्ट जाणार नाही.